पुढचा शब्द

"एकदा दुपारी मी..." सरोजवहिनी म्हणाल्या आणि थांबल्या.

पुढचा शब्द 'एसटी' असा होता. माझं बोट त्याच्यावरच होतं. डाव्या विंगेत स्टुलावर बसून मी नाटकाची वही मांडीवर धरली होती, हातात रुमाल गुंडाळलेली बॅटरी होती. उजेड ओळीपुरताच पडावा म्हणून तो रुमाल. समोर रंगमंचावर सरोजवहिनी उभ्या होत्या. त्यांच्या मागं सोफ्यावर नाटकातला नवरा, नाटकातला मुलगा आणि घरी बोलावून आणलेला डॉक्टर असे तिघं बसले होते. नाटक संपायला एवढं एक भाषणच उरलं होतं.

नट थांबला की प्रॉम्प्टरनं लगेच शब्द द्यायचा नसतो. मनात दोन आकडे मोजायचे. तो मुद्दाम थांबला असेल तर दोनच्या आत पुढं जातो. मी मोजले. एक. दोन. वहिनी पुढं गेल्या नाहीत. त्यांची नजर समोर प्रेक्षागृहात कुठंतरी लांब लागली होती. मग ती तिथून निघाली आणि सरळ माझ्याकडं आली. अडलेले नट चोरून बघतात तसं नाही, पुरती मान वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक हात आला आणि वहीवर पसरला.

"थांबा बाई," सबनीस माझ्या कानाशी म्हणाले. "देऊ नका. थेटर बघा कसं झालंय."

माझ्या जागेवरून परीक्षकांचं टेबल तेवढं दिसत होतं. तिघांतल्या एकानं लिहिता लिहिता पेन उचललं होतं आणि ते तसंच वर धरून तो बघत होता. आठशे माणसांत एक खोकला नव्हता.

वहिनी अजून माझ्याकडंच बघत होत्या.

त्यानंतर त्या वळल्या. टीपॉयवर चहाचे कप होते. ते त्यांनी एकेक करून ट्रेमध्ये गोळा केले. डॉक्टरच्या कपात चहा शिल्लक होता, तो पुढच्या कपात ओतला. ट्रे उचलून त्या चालत माझ्याच विंगेत आल्या आणि माझ्या अंगावरून आत निघून गेल्या. ट्रेमधले कप किणकिणत होते.

"पडदा! पडदा!" सबनीस म्हणाले.

पडदा पडला आणि बाहेर टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात.

ही शहाऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. हौशी नाट्यस्पर्धेची नगर केंद्रावरची प्राथमिक फेरी होती. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते, एकतीस वर्षांची होते, भावाच्या घरी राहत होते. मंडळात मला सगळे बोरुडेबाई म्हणत. सहा वर्षं मी प्रॉम्प्टिंग करत होते. तोंडाला रंग लावायची माझी कधी छाती झाली नाही, पण नाटक मला सोडवत नसे. सहा वर्षांतलं प्रत्येक नाटक मला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत पाठ होतं. ते कुणी विचारत नसे आणि मीही सांगत नसे.

दिनकर सबनीस आमचे लेखक आणि दिग्दर्शक. वीज मंडळात हेडक्लार्क होते. त्या वर्षी त्यांनी 'दुपार' नावाचं दोन अंकी नाटक लिहिलं होतं. त्यातली इंदू नावाची गृहिणी हळूहळू घरातल्या माणसांशी बोलायची बंद होते आणि कुकरशी, शिलाई मशीनशी, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याशी बोलायला लागते. घरचे घाबरतात आणि डॉक्टरला बोलावतात. इंदूची भूमिका करायला कॉलेजच्या पोरी मिळत होत्या, पण सबनीसांना चाळिशीची बाई हवी होती. कुणीतरी गंध्यांच्या वहिनींचं नाव सुचवलं. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असलेल्या मुकुंद गंध्यांची ही बायको. लग्नाआधी मिरजेला असताना त्यांनी दोन नाटकांत काम केलं होतं म्हणे. एकुलता मुलगा अभय दीड वर्षांपूर्वी पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेला होता. घरात दोघंच.

ऑक्टोबरात तालमी सुरू झाल्या. वहिनी सगळ्यांच्या आधी यायच्या आणि सतरंजीच्या कडेला बसून राहायच्या. बोलायच्या कमी. पण एकदा का इंदूचं वाक्य सुरू झालं की आवाज असा लागायचा, की बाकीचे नट आपापली वाक्यं विसरायचे. सुरुवातीला त्या फार अडखळायच्या. मी शब्द दिला की मान हलवून पुढं जायच्या. तालीम संपली की चपला घालता घालता म्हणायच्या, "आज तुम्ही मला सोळा वेळा सांभाळलंत बाई." मग तो आकडा नऊवर आला, चारवर आला. एकदा त्या म्हणाल्या, "आज एकदाच. मुद्दाम अडले मी. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय जावंसं वाटेना."

मी हसले. पण घरी जाताना दिल्ली गेटापर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. माझा आवाज ऐकावा असं मला तोवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

नाटकाचा शेवट सबनीसांना जमत नव्हता. इंदू डॉक्टरांसमोर रडते आणि कोसळते, असा त्यांनी लिहिलेला शेवट कुणालाच पटेना. नोव्हेंबरच्या मध्यावर एके दिवशी त्यांनी वहीच्या मागं तीन नवी पानं चिकटवून आणली. इंदूचं लांब भाषण होतं. तालमीत ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा दिव्यांचं काम करणारा अनंता स्विचबोर्डापाशी तसाच उभा राहिला. "सबनीससाहेब, हे तुम्ही नेहमीच्यापेक्षा वेगळंच लिहिलंत," तो म्हणाला. सबनीसांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा म्हणाले.

तर ते भाषण प्रयोगात अर्ध्यावर राहिलं, आणि नेमकं तेच सगळ्यांना आवडलं.

त्या संध्याकाळी रंगपटात गर्दी झाली. कुणी सबनीसांचे हात धरत होतं, कुणी वहिनी कुठंयत म्हणून शोधत होतं. वहिनी नव्हत्या. तोंडाचा रंगही न पुसता त्या मागच्या दारानं निघून गेल्या होत्या. चहाचा ट्रे आरशासमोर ठेवलेला होता आणि कप त्यांनी धुऊन पालथे घातले होते. नाटकातले कप कुणी धूत नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. 'दुपार' पहिलं आलं, मुंबईच्या अंतिम फेरीला निवडलं गेलं. अभिनयाचं रौप्यपदक सरोज गंधे यांना. परीक्षकांच्या शेऱ्यात वाक्य होतं, 'अखेरच्या प्रसंगातील धाडसी नि:शब्दता हे या प्रयोगाचे शिखर.' सबनीसांनी ते वाक्य तालमीच्या खोलीत फळ्यावर लिहिलं. मग माझ्याकडून वही घेतली आणि लाल पेन्सिलीनं त्या तीन पानांवर तिरक्या रेघा ओढल्या.

"आता हे नको. 'एकदा दुपारी मी' म्हणायचं आणि थांबायचं. कप गोळा करायचे. पडदा."

"वहिनींना सांगितलंत?" मी विचारलं.

"निरोप धाडले. तीन वेळा. येतच नाहीत. तुम्ही जाऊन बघा बाई. बायकांचं बायकांना कळतं."

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटल्यावर मी पाटबंधारे वसाहतीत गेले. पिवळ्या रंगाच्या दुमजली इमारती, मधे वाळकी मैदानं. गंधे वरच्या मजल्यावर राहत. दार उघडंच होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण शेजारचा पाट पुढं सरकवला.

"सबनीसांनी पाठवलं?"

"हो."

"पदक घ्यायला येईन म्हणावं. नाटकाला नाही."

मी पाटावर बसले. "वहिनी, त्या शेवटच्या शांततेनं सगळं नाटक उचललं. परीक्षकांनी काय लिहिलंय ते..."

"बाई," त्या म्हणाल्या, "ती शांतता नव्हती. मी विसरले होते."

मी समोरचा एक घाटा उचलला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

"मी तुमच्याकडं बघितलं."

"सबनीसांनी वहीवर हात ठेवला."

"दिसला मला तो हात." त्यांनी एक घाटा फोडला, दाणा वाटीत टाकला. "हात त्यांचा होता. पण तोंड तुमचं होतं ना?"

मला वहीची गरजच नव्हती. शब्द पाठ होता. सबनीसांच्या हाताखाली नुसता कागद दबला होता. मी शब्द दिला नाही, कारण पुढं काय होतं ते मलाही बघायचं होतं. माझ्याकडं डोळे लावून उभी असलेली बाई सोडून मी थेटर बघत बसले होते.

"कशामुळं विसरलात?" शेवटी मी विचारलं.

"हे तिसऱ्या रांगेत बसले होते. भाषण सुरू झालं आणि थोड्या वेळानं मागचं दार उघडलं. बाहेरचा उजेड आत आला. त्या उजेडात यांची पाठ दिसली मला. एक खांदा खाली पाडून चालतात ना, लगेच ओळखू येतात. दार बंद झालं. त्यानंतर माझ्या डोक्यात काही उरलंच नाही." त्यांनी वाटीतले दाणे हलवले. "ऑक्टोबरपासून मला एक सवय लागली होती बाई. आपण अडखळलो की कुणीतरी थांबतं आणि पुढचा शब्द देतं. घरी मी अडखळले की माणसं उठून जातात. वाटलं, असू दे, ते गेले तर गेले, बाई आहेत."

बाहेर मैदानात कुणीतरी गादी झोडपत होतं. त्याचा आवाज सारखा येत राहिला. मी पुढचे बरेच घाटे खाली मान घालून सोलले.

"मी आता काय करू, सांगा," मी म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "पाठ आहे तुम्हाला?"

"काय?"

"ते भाषण."

"सगळं नाटक पाठ आहे."

"मग म्हणा. इथंच. मी आजवर ते नुसतं म्हणत आले. एकदाही ऐकलेलं नाही."

मी सुरू केलं. सवयीप्रमाणं विंगेतल्या आवाजात.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "'डॉक्टर, तुम्ही विचारलंत, मी कुकरशी का बोलते. तो शिट्टी तरी देतो. एकदा मी दिवसभर मला कोण काय बोललं ते मोजलं. एकवीस शब्द झाले. त्यातले चार नुसते काय, काय, काय, काय असे होते. दोन वेळा मीठ. एकदा माझं नाव. तेही टेलिफोनवर, पलीकडच्या माणसाला, सरोज... '"

मी चपापले. नाटकात इंदू होतं. माझ्या तोंडून कसं कोण जाणे सरोज निघालं. मी पुढं गेले.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली, जिन्यात पावलं वाजली आणि गंधे दारात आले. हातात कागदांची सुरळी होती. ते एक पाय वर घेऊन बूट काढायला लागले आणि म्हणाले, "आज साइटवरून लवकर सुटलो. कोण आलंय?"

घरातला पुरुष आला की बाईमाणसानं बोलणं तोडायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. माझी जीभ थांबलीच होती.

"थांबू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दाराकडं बघितलंसुद्धा नाही.

मी थांबले नाही. "'एकदा दुपारी मी एसटी स्टँडवर जाऊन बसले. बाकावर बाया होत्या, त्यांची गाठोडी होती, पोरं होती. त्यांना कुठंतरी जायचं होतं. मी कुठल्याच गाडीची वाट बघत नव्हते. एक कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, बाई, कुठं जायचंय? मी म्हटलं, नाही, बसलेय जरा. पण मला इतकं बरं वाटलं डॉक्टर, की मी दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तो रोज विचारायचा. कधी मी शेवगाव सांगायची, कधी जामखेड. तो गाडीचा नंबर सांगायचा, फलाट सांगायचा, वेळ सांगायचा. मी हो म्हणायची. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुसराच कंडक्टर होता. त्यानं काही विचारलं नाही. मी घरी आले. दूध तापवलं. हे आले आणि म्हणाले, चहा. मला काही झालेलं नाही डॉक्टर. मला औषध नको. कुठं जायचंय, एवढं कुणीतरी मला विचारायला पाहिजे.'"

गंधे दारातच उभे होते. एक बूट पायात, एक हातात.

"हे त्या नाटकातलं का?" ते म्हणाले. "सबनीसांनी चांगलं लिहिलंय."

"सबनीसांनी नाही लिहिलं," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

"मी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ती तीन पानं दोन महिने माझ्या मांडीवर होती. त्यावरचं अक्षर सबनीसांचं नाही हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, आणि त्यांनी कुणाकडून तरी नक्कल करून घेतली असेल असं धरून चालले होते.

"इंदूला कोसळायचं नसेल तर ती काय बोलेल, सांगा, असं त्यांनी मला विचारलं," वहिनी मला म्हणाल्या. "मी घरी येऊन लिहिलं. दुसऱ्या दिवशी दिलं. त्यांनी दोन शब्द बदलले. जाहिरातीत लेखकाचं नाव एकच असतं म्हणाले. मला नाव नकोच होतं. ते एकदा मोठ्यानं म्हणायला मिळावं, आणि हे समोर बसलेले असावेत, एवढंच हवं होतं."

गंधे आत आले आणि भिंतीपाशी ठेवलेल्या स्टुलावर बसले. हातातला बूट त्यांनी खाली ठेवला नाही.

"म्हणजे स्टँडवर तू खरंच..."

"हो."

"कधी?"

"अभय होस्टेलला गेला त्या जूनमध्ये."

"मला बोलली नाहीस."

ते वाक्य खोलीत तसंच राहिलं. गंध्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

बूट हातात फिरवत ते म्हणाले, "मी स्कूटर काढायला गेलो होतो. नाटक सुटलं की स्कूटरच्या स्टँडवर फार गर्दी होते. मला वाटलं, आता शेवटची रडारड असेल."

"रडायचं नव्हतंच त्यात," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. घाट्यांची आमटी, भाकरी, लोणचं. तिघं जेवलो. एकदा गंध्यांनी मिठाच्या बरणीकडं हात केला, मागावं की उठून घ्यावं हे त्यांना कळेना, आणि शेवटी ते तसंच जेवले. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या.

"सबनीसांना सांगा, मी मुंबईला येते. पण भाषण म्हणणार. पुरतं."

सबनीसांनी ते ऐकून घेतलं. "येऊ तर द्या," ते म्हणाले. पुढं तालमींत वहिनी भाषण म्हणत आणि ते मुकाट्यानं ऐकत. मला वाटलं, मानले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुंबईत थेटर बघायला गेलो तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पडद्याची दोरी उद्या मी स्वतः धरणार आहे. 'एकदा दुपारी मी'पाशी त्या श्वास घेतातच. तिथं मी पडदा सोडणार. त्यांना बोलू नका. बक्षीस हवंय ना आपल्याला?"

मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी हो म्हणाले.

प्रयोग छान चालला. गंधेही मुंबईला आले होते, प्रेक्षकांत बसले होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटाला डॉक्टर आला, चहा झाला, वहिनी पुढं आल्या आणि बोलायला लागल्या. मी वही स्टुलावर ठेवली आणि उठले. प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टर आपली जागा सोडत नाही. मी सोडली. रंगमंचाच्या मागच्या काळ्या पडद्यामागून पलीकडं गेलं की उजव्या बाजूला पडद्याची दोरी होती, ती सैल सोडली की पडदा पडायचा, आणि तिथं सबनीस उभे होते. मी जाऊन त्यांच्या हाताच्या वर दोरी दोन्ही हातांनी धरली.

"काय करता बाई? सोडा," ते कुजबुजले.

"नाही."

"वेड लागलंय का? सोडा म्हणतो."

त्यांना ओरडता येत नव्हतं आणि मलाही. त्यांनी दोरी वर सोडायला बघितली, मी खाली ओढून धरली. काथ्यानं तळहात सोलवटले. पलीकडं वहिनींचा आवाज चालूच होता. एकवीस शब्द झाले. मीठ झालं. "एकदा दुपारी मी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी श्वास घेतला. सबनीसांनी दोरीला वर जोरात हिसका दिला. मी दोरीला लोंबकळलेच जवळजवळ. माझी पाठ प्रेक्षागृहाकडं होती, तोंड भिंतीकडं. विंगेत शब्द द्यायला कुणी नव्हतं. वहिनी अडल्या असत्या तर अडल्या असत्या.

"...एसटी स्टँडवर जाऊन बसले," वहिनी म्हणाल्या.

सबनीसांनी दोरीवरचे हात काढले. भाषण संपल्यावर पडदा मीच पाडला. टाळ्या झाल्या, पण नगरसारख्या नाही.

'दुपार'ला काही मिळालं नाही. सबनीस परतीच्या गाडीत आमच्याशी बोलले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं नाही. वहिनींनाही नाही. आठवडाभरानं एका वर्तमानपत्रात अंतिम फेरीचा आढावा आला. त्यात आमच्या नाटकावर चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी होती: 'सरोज गंधे यांचे काम संयत, मात्र अखेरचे स्वगत नको तितके लांबले.'

ते कात्रण द्यावं की नाही, हे मला दोन दिवस कळेना. मग एका दुपारी घेऊन गेले. आता उन्हाळा लागला होता. घरात वहिनी एकट्याच होत्या. गंध्यांच्या बदलीचा हुकूम आला होता, जूनमध्ये नांदेडला जायचं होतं. भांड्यांचे दोन खोके दोरीनं बांधून भिंतीशी ठेवले होते. त्यांनी कात्रण खिडकीपाशी नेऊन वाचलं. दोनदा वाचलं.

"किती वेळ लागला हो मला?" त्यांनी विचारलं.

"सात मिनिटं."

"सात मिनिटं," त्या म्हणाल्या. "सलग."

कात्रणाची घडी घालून त्यांनी ती हातातच ठेवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी त्या दिवशी समोर बघितलंच नाही. भीती वाटली. हे नंतर म्हणाले, शेवटपर्यंत होतो. पण ते तसं म्हणतातच. बाई, मधे कुणी उठलं का हो?"

त्या वळून माझ्याकडं बघत होत्या.

"कुणीच नाही," मी म्हणाले.